काडतुसाचं तोंड किती आवळायचं?

टेक्सासला नोकरी करणारा माझा भाचा घरच्या गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरतो. तिकडे त्याला परवानगी आहे आणि शनिवारी रेंजवर जाणाऱ्या बऱ्याच जणांचा तो छंद असतो. मागे त्याने व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकला. ९ मि.मी. पिस्तुलाचं काडतूस होतं आणि पितळेची कड गोळीत अक्षरशः रुतलेली दिसत होती. खाली प्रश्न : "मामा, गोळी आत सरकून रायली. अजून थोडं आवळून पाहू काय?"

मेकॅनिकल इंजिनिअर असूनही हा प्रश्न त्याला पडला, यात नवल नाही. काही ढिलं वाटलं की आणखी आवळावं, हे आपल्या हाताला लहानपणापासून शिकवलेलं असतं. नटबोल्टला ते लागू पडतं, पाण्याच्या पाइपाच्या क्लिपला लागू पडतं. काडतुसाला मात्र एका मर्यादेनंतर ते उलटं लागू पडतं. जास्त आवळलेली गोळी जास्त ढिली बसते. असं का होतं, हे समजलं की क्रिम्प, म्हणजे काडतुसाचं तोंड गोळीवर आवळणं, या सगळ्या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत सुटते.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेतो. भारतात हा छंद नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्यातच येतात. विनापरवाना निर्मितीला कलम ५ ची मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. वरून स्फोटकांचे नियम वेगळे, आणि ते पाहणाऱ्या पेसो या संस्थेचं देशाचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. तेव्हा हा लेख हिंगण्याच्या एमआयडीसीत डाय, म्हणजे काडतूस दाबायचा साचा, बनवून घेण्यासाठी नाही. रेंजवर नेमबाजी करणारे, परवान्याचं .३२ पिस्तूल बाळगणारे, परदेशात हा छंद करणारे आपले लोक, आणि नुसत्या कुतूहलाने वाचणारे, यांच्यासाठी आहे. दारूच्या वजनमापात मी शिरणारच नाही. विषय फक्त काडतुसाच्या तोंडाचा.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, बुडाशी प्रायमर (टोला बसताच दारू पेटवणारी टोपी), आत दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. बातम्यांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं वाचतो, ती पुंगळी म्हणजे गोळी उडून गेल्यावर मागे राहिलेलं पितळ. हे पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं असतं. धातुशास्त्रात त्याला कार्ट्रिज ब्रास असंच नाव आहे. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे हत्यारात काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, दाब गेला की किंचित आकसते आणि बाहेर काढता येते. पितळ वापरतात ते या लवचीकपणासाठीच. क्रिम्पच्या बाबतीत घोळ घालतो तोही हाच लवचीकपणा.

आता मूळ प्रश्न. गोळीला धरून ठेवतं कोण? बहुतेकांचं उत्तर असतं, क्रिम्प. पिस्तुलाच्या काडतुसात हे उत्तर चूक आहे. वापरलेली पुंगळी पुन्हा भरताना आधी एका डायमधून दाबून तिचा व्यास कमी करतात. तिचं आतलं माप गोळीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी लहान होतं. त्यात गोळी दाबून बसवली की पितळ ताणलं जातं आणि मूळ मापाला परतायच्या धडपडीत गोळीला सगळ्या बाजूंनी दाबून धरतं. लेथवर काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. शाफ्टवर बेअरिंग ठोकून बसवतात तोच हा इंटरफिअरन्स फिट. गोळीचा जेवढा भाग पुंगळीच्या आत, तेवढ्या सगळ्या लांबीवर ही पकड असते. खरं काम तिचं. क्रिम्प म्हणजे तोंडावरची जेमतेम एक-दीड मिलिमीटरची पट्टी.

मग क्रिम्प हवाच कशाला? कारण अरुंद केलेल्या तोंडात गोळी सरळ शिरत नाही. कड गोळीला खरवडते, शिशाची गोळी असेल तर त्याची सालच काढते. म्हणून गोळी बसवण्याआधी पुंगळीचं तोंड किंचित फुलवतात, गोळीचं बूड त्यावर टेकेल एवढंच. गोळी आत गेली की हे फुललेलं तोंड तसंच राहतं, आणि तसं काडतूस चेंबरमध्ये अडकतं. ते तोंड परत सरळ करणं एवढंच पिस्तुलातल्या टेपर क्रिम्पचं काम. नाव क्रिम्प असलं तरी त्यात आवळण्यापेक्षा सरळ करणं जास्त आहे.

किती सरळ, तर आकडे घेऊन पाहू. ९ मि.मी. लुगरची गोळी ९.०२ मि.मी. व्यासाची असते. तोंडाशी पितळाची जाडी साधारण ०.२८ मि.मी. दोन्ही बाजूंची जाडी मिळवली की ९.५८ येतात. म्हणजे पितळ गोळीला बरोबर टेकलंय, फुललेलं नाही, रुतलेलंही नाही, अशा काडतुसाचं तोंड व्हर्नियरवर ९.५८ च्या आसपास दिसायला हवं. त्याहून दोन-चार शतांश कमी चालतं. प्रमाणित नकाशात तोंडाची कमाल मर्यादा ९.६५ आहे. सगळा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतला. पुंगळीचा मेक बदलला की जाडी बदलते, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलून वापरण्यात अर्थ नाही. आपली गोळी मोजायची, आपलं पितळ मोजायचं आणि बेरीज करायची. भाच्याच्या काडतुसाचं तोंड ९.४ च्याही खाली गेलं होतं.

आता त्या उलट्या नियमाकडे येऊ. हा भाग जरा सावकाश वाचा.

धातूवर थोडा जोर दिला की तो दबतो आणि जोर काढला की परत येतो. जास्त जोर दिला की थोडा परत येतो आणि थोडा कायमचा वाकतो. प्रत्येक धातूचं हे परत येणं वेगळं. ओढून, दाबून कडक झालेलं पितळ बऱ्यापैकी परत येतं, त्याला स्प्रिंगबॅक म्हणतात. शिसं जवळजवळ येतच नाही. दाबलं तिथे दबून राहतं. गोळीवर तांब्याचं पातळ कवच असलं तरी आत शिसंच असतं, त्यामुळे कवचासकट ती दबते ती दबते.

डायने तोंड जोरात आवळलं की पितळ आणि गोळी दोन्ही एकत्र आत दबतात. डाय वर उचलला की पितळ थोडं मागे उसळतं. गोळी उसळत नाही. दोघांच्या मध्ये फट पडते, केसाएवढीही नाही, पण पकड जायला तेवढी पुरते. तोंडाशी गोळी बारीक झाली, आणि डाय जरा खाली उतरलेला असेल तर त्याखालच्या भागातही झाली. बाहेरून काडतूस मस्त आवळल्यासारखं दिसतं, कड रुतलेली दिसते, आणि अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबलं की गोळी आत जाते. मग माणूस डाय आणखी अर्धा फेरा खाली घेतो, गोळी आणखी बारीक होते आणि प्रकरण आणखी बिघडतं.

इथे एक शंका हमखास येते. इलेक्ट्रिशियन वायरला लग लावताना पक्कडीने जीव खाऊन दाबतो, तिथे कसं घट्ट बसतं? कारण लगही तांब्याचा, वायरही तांब्याची, आणि दाब इतका असतो की दोन्ही कायमची वाहत जाऊन एकमेकांत बसतात. आत भरीव गाभा आणि बाहेर उसळणारी नळी, अशी जोडी तिथे नाही. शिवाय लग वायरला कधी सोडणार नसतो. काडतुसाला मात्र गोळी एका क्षणी सोडायचीच आहे, आणि दर वेळी सारख्याच जोराने सोडायची आहे.

तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त गोळ्या मिळतात, त्यांत तर आणखी एक भानगड. मुलामा पातळ असतो. जास्त क्रिम्पने तो कापला जातो, आणि नळीतल्या पिळांतून जाताना गोळीचं साल निघू शकतं. मग निशाणा कुठे लागेल ते नळीलाच ठाऊक.

पिस्तुलात जास्त आवळण्याचा दुसरा तोटाही आहे, आणि त्यासाठी काडतूस चेंबरमध्ये कशावर टेकतं हे कळायला हवं. ९ मि.मी. किंवा .४५ एसीपी काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली किनार नसते. ते चेंबरमध्ये जातं आणि तोंडाच्या कडेवर थांबतं. चेंबरमध्ये त्यासाठी एक बारीक पायरी कोरलेली असते. पुंगळीची कड सरळ कापलेली, चौकोनी राहिली तरच ती पायरीवर नीट टेकते. कड आत गुंडाळली गेली की टेकायला जागाच उरत नाही, काडतूस हवं त्यापेक्षा खोल जातं, आणि फायरिंग पिनचा टोला प्रायमरवर हलका पडतो. कधी बार उडतो, कधी नुसता खट्ट आवाज. कधी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या, आकड्याने काडतूस तेवढं धरून ठेवलं म्हणून निभावतं, आणि माणसाला वाटतं आपलं क्रिम्प झकास आहे.

आपल्याकडच्या परवान्याच्या .३२ पिस्तुलाचं काडतूस, म्हणजे .३२ एसीपी, इथे अपवाद आहे. त्याला अर्धवट किनार असते आणि ते त्या किनारीवर टेकतं. ९ मि.मी. हा आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, त्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती तो येत नाही. पण जगात या विषयावर जे बोललं जातं ते बहुतेक ९ मि.मी. धरून, म्हणून उदाहरण तेच घेतलं.

रिव्हॉल्व्हरचं सगळंच वेगळं. तिथे क्रिम्पला खरंखुरं काम आहे.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी ठळक किनार असते आणि ते तिच्यावर टेकतं. तोंडाची कड मोकळी असते, तिचं काय करायचं ते करा. आता बार उडतो तेव्हा काय होतं पाहा. रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं. सहा काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरमधली उरलेली पाच काडतुसं किनारीला धरलेली असल्यामुळे त्यांच्या पुंगळ्याही मागे खेचल्या जातात. गोळ्या मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतात. म्हणजे प्रत्येक बाराला उरलेल्या गोळ्या पुंगळीतून थोड्या थोड्या बाहेर ओढल्या जातात. वजनदार गोळी, जोरदार काडतूस आणि हलकं हत्यार असलं की हे ओढणं वाढतं. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं, .४४ मॅग्नम १९५५ मध्ये, आणि आता टायटॅनियमचे सिलिंडर असलेली हलकी रिव्हॉल्व्हरं मिळतात. त्यांत ही अडचण सगळ्यात जास्त. पाचव्या-सहाव्या काडतुसाची गोळी सिलिंडरच्या पुढे डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. पिस्तूल अडलं तर स्लाइड ओढून मोकळं करता येतं. असं अडकलेलं रिव्हॉल्व्हर त्या क्षणी निव्वळ लोखंड असतं.

म्हणून रिव्हॉल्व्हरसाठी रोल क्रिम्प. पुंगळीची कड आत वळवून गोळीवरच्या खाचेत बसवतात. गोळीवर ही खाच आधीच पाडलेली असते. कवचाच्या गोळीवर दातेरी पट्टी, ओतीव शिशाच्या गोळीवर एक घळ. कड त्या खाचेत आडवी येते आणि गोळीला पुढे यायची वाट अडवते. खाच आहे म्हणून वळवायला जागा आहे. खाच नसलेल्या गोळीवर रोल क्रिम्प केला की तीच पितळ-शिशाची कहाणी पुन्हा सुरू. मॅग्नम काडतुसांत दारू सावकाश जळणारी असते. गोळीला सुरुवातीला क्षणभर धरून ठेवलं की दारू सारखी पेट घेते, हा रोल क्रिम्पचा दुसरा फायदा.

यात लोकांचं ठेचाळतं ते पुंगळीच्या लांबीवर. डाय एका उंचीला पक्का केलेला असतो. पुंगळी थोडी लांब असेल तर कड जास्त वळते, आखूड असेल तर कमी. फार लांब असेल तर वळायला जागा न मिळाल्याने पितळ बाजूला फुगतं, आणि काडतूस सिलिंडरच्या तोंडाशीच अडतं. एकाच डब्यातल्या काडतुसांचा क्रिम्प वेगवेगळा येत असेल तर आधी पुंगळ्यांची लांबी मोजावी, डायला नंतर हात लावावा. टेपर क्रिम्प लांबीच्या फरकाला एवढा हट्टी नसतो.

गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं ही दोन कामं एकाच डायमध्ये एकाच दाबात करता येतात, आणि बहुतेक डाय तसेच विकले जातात. मला ते पटत नाही. कड आत वळायला लागलेली असते आणि गोळी अजून खाली जातच असते. साहजिकच कड गोळीला खरवडते. वेगळा डाय घेऊन क्रिम्प शेवटी करावा. एक दाब जास्त पडतो, पण कटकट वाचते.

नेमबाजीत रस असणाऱ्यांसाठी एक मधली गंमत. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मि.मी. व्यासाचं हत्यार चालतं, आणि मोठे नेमबाज बहुतेक .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे मूळचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस पिस्तुलात वापरतात. त्याची वॉडकटर गोळी सपाट तोंडाची, नळकांड्यासारखी असते आणि पुंगळीच्या आत पूर्ण बुडवलेली. बाहेर काही डोकावतच नाही. पुंगळीची कड तिच्या माथ्यावर अलगद वळवलेली असते. कागदावर अशी गोळी स्वच्छ गोल भोक पाडते, गुण मोजताना वाद राहत नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुण मिळवून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. एनसीसीच्या कॅम्पात आपण जे .२२ उडवलं, त्याचा क्रिम्प कारखान्यातच होतो आणि ती पुंगळी पुन्हा भरताच येत नाही. प्रायमरचा मसाला बुडाच्या किनारीत भरलेला असतो, आणि किनार एकदा चेपली की संपलं.

आता धोका. पिस्तुलात गोळी बाहेर येण्यापेक्षा आत जाण्याची भीती मोठी. मॅगझिनमधलं काडतूस वर सरकताना त्याचं नाक फीड रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, आदळतं. शिवाय प्रत्येक बाराच्या झटक्याला मॅगझिनमधली काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात. पकड कमी असेल तर गोळी आत सरकते. दारू तेवढीच, पण तिला मिळालेली जागा कमी. जागा कमी की दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र फार लवकर हाताबाहेर जातं. काडतूस जितकं छोटं तितकं जास्त, कारण आत मुळात जागाच किती असते! अमेरिकेतल्या स्पीअर कंपनीने ९ मि.मी. वर केलेली चाचणी या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते : गोळी ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर जास्त आत बसवली आणि दाब २८ हजारांवरून ६२ हजार सीयूपीवर (काडतुसातला दाब मोजायचं एक एकक) गेला. दुपटीहून जास्त. नजरेला पाऊण मिलिमीटर सहज दिसतही नाही. भाच्याला मी पहिल्यांदा हाच आकडा पाठवला. त्याने ते काडतूस उडवण्याऐवजी गोळी ओढून बाहेर काढली, आणि गोळीभोवती चांगली कंगोरेदार कमर तयार झालेली दिसली.

धातूच्या ताणाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या पावसाळ्याची आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजांना एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावायच्या, दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जायचा, आणि पाऊस ओसरल्यावर पाहावं तर पितळी काडतुसांना तडे गेलेले. तेही बहुतेक तोंडाशी, जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असते नेमकं तिथे. ऋतूशी संबंध दिसला म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. कारण उलगडलं १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळात आधीपासून अडकलेला ताण, दोन्ही एकत्र आले की तडा जातो. नुसत्या अमोनियाने भागत नाही, नुसत्या ताणानेही नाही. कामठीसारख्या छावण्यांचा आणि घोडदळाचा तो काळ डोळ्यांपुढे आणला तर हे किती सहज घडत असेल ते लक्षात येतं. उपाय निघाला तो म्हणजे पितळ ठरावीक तापमानाला तापवून आतला ताण सैल करणं. लष्करी रायफलीच्या नव्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याचीच.

याचा आजचा अर्थ सोपा आहे. जितकं जास्त आवळाल तितका पितळात जास्त ताण साठवाल. आणि पितळी भांड्यांचं किंवा काचेचं अमोनियावालं पॉलिश काडतुसाला कधीही लावू नये, ते कितीही काळवंडलेलं असो. चमकवायच्या नादात घरच्या घरी तडा जायचा.

नागपूरचा म्हटल्यावर उन्हाचा प्रश्न आलाच. मे महिन्यात ४७ अंशांत पकड सुटते का? हिशेब करून पाहिला. शिसं पितळापेक्षा जास्त प्रसरण पावतं, एका अंशाला मीटरमागे साधारण १० मायक्रॉन जास्त. ९ मि.मी. व्यास आणि ३० अंशांचा फरक धरला तर २.७ मायक्रॉन येतात. तेही घट्ट होण्याच्या बाजूने. म्हणजे उन्हाचा क्रिम्पशी संबंध नाही. दारूशी मात्र आहे : तापलेली दारू दाब थोडा वाढवते. उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसं ठेवायची नाहीत ती यासाठी.

जिथे कायदा परवानगी देतो तिथे हे काम करणाऱ्याने क्रिम्प बरोबर आहे का ते कसं पाहावं? सगळ्यात आधी, नळी हत्यारातून काढून हातात घ्यायची आणि काडतूस चेंबरमध्ये आपल्या वजनाने सोडायचं. टक् असा आवाज येऊन ते बसलं आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं, तर तोंड नीट सरळ झालंय. अडलं तर काळ्या मार्करने तोंड रंगवून पुन्हा घालावं. रंग जिथे खरवडला तिथे अडतंय. कधी कधी क्रिम्पचा दोषच नसतो, गोळी लांब बसलेली असते आणि पिळांच्या सुरुवातीला टेकत असते. मार्कर ते लगेच दाखवतो.

त्यानंतर व्हर्नियर, वरच्या बेरजेप्रमाणे. मग अंगठ्याचा दाब : काडतुसाची लांबी मोजायची, नाक लाकडी टेबलाला टेकवून जोरात दाबायचं, पुन्हा मोजायचं. फरक पडला तर दोष बहुधा पुंगळी अरुंद करणाऱ्या डायचा, किंवा तोंड नको तेवढं फुलवलंय, किंवा गोळीच लहान मापाची आहे. क्रिम्पच्या डायला यात शेवटी हात लावायचा.

आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे गोळी परत ओढून पाहणं. चांगल्या टेपर क्रिम्पची खूण गोळीवर जेमतेम दिसते, उजेडात फिरवल्यावर एक फिकट रेघ. नखाला ती खाच म्हणून लागली तर जास्त झालं. रिव्हॉल्व्हरसाठी परीक्षा वेगळी : एका काडतुसाची लांबी मोजून ते सिलिंडरमध्ये ठेवायचं, बाकीची सगळी उडवायची, ते तेवढं न उडवता काढून पुन्हा मोजायचं. लांबी वाढली असेल तर क्रिम्प कमी आहे, किंवा पुंगळीची पकडच कमी आहे. एका फेरीत न वाढलेली लांबी दुसऱ्या फेरीत वाढू शकते, म्हणून तेच काडतूस दोनतीनदा ठेवून पाहिलेलं बरं.

आपल्याकडे .३२ पिस्तूल बाळगणाऱ्यांनी यातलं एक मात्र आपल्या घरी लावून पाहावं, त्याला ना डाय लागतो ना प्रेस. बरेच जण रात्री पिस्तूल रिकामं करतात आणि सकाळी पुन्हा भरतात. यात मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं तेच ते काडतूस रोज रॅम्पवर आदळत राहतं. कारखान्यातलं असलं तरी त्याची गोळी हळूहळू आत जाते. काडतुसं महाग, मिळतातही मोजून, म्हणून ते टाकवत नाही. निदान त्या काडतुसाची जागा मॅगझिनमध्ये बदलत राहावी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते डब्यातल्या न वापरलेल्या काडतुसाशेजारी सपाट काचेवर उभं करून वर पट्टी आडवी धरून पाहावी. पट्टी कलली तर ते आखूड झालंय. ते चेंबरमध्ये घालायचं नाही आणि घरी पक्कडीने गोळी ओढायलाही जायचं नाही. बाजूला ठेवून परवानाधारक विक्रेत्याला दाखवायचं.